सुभेदारांचं स्पॅनिश बी.एड.

सुभेदार धैर्यशील फडतरे यांनी बी.एड. करायचा निर्णय जाहीर केला तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही, कारण कुणाला तो खरा वाटलाच नाही. रविवार होता, ताटात पिठलं-भाकरी होती. सुभेदारांनी घसा साफ करून सांगितलं, की आपण आता हायस्कुलात स्पॅनिश शिकवणार आहोत आणि त्यासाठी दोन वर्षं सांगलीच्या कॉलेजात जाणार आहोत. त्यांच्या पत्नी वैजयंता यांनी अजून अर्धी भाकरी वाढू का, एवढंच विचारलं. वडील लालासाहेब, वय चौऱ्याहत्तर, माजी सरपंच, यांनी जरा विचार करून एकच शंका काढली, "त्यात बंदूक लागती का?" लागत नाही असं कळल्यावर त्यांचा त्या विषयातला रस तात्पुरता संपला.

आता कराडपासून अकरा किलोमीटरवरच्या हिंगणीवाडीचा आणि स्पॅनिशचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. तो संबंध फौजेनं जोडून दिला होता. सुभेदार शांतिसेनेबरोबर वर्षभर लेबनॉनला होते आणि तिथं आपल्या पलटणीच्या शेजारी स्पेनची पलटण होती. सुभेदार वायरलेसवर. पलीकडून बोलणाऱ्या गड्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि येत नाही हे कबूल करायची त्याची तयारी नव्हती. शेवटी कामं अडायला लागली तेव्हा सुभेदारांनीच त्याची भाषा शिकून घेतली. परत आल्यावर माणसं अशा गोष्टी विसरून जातात. सुभेदार विसरले नाहीत. पुढची बारा वर्षं, कधी बर्फात तर कधी वाळवंटात, वही-पुस्तक ट्रंकेत बाळगून त्यांनी एकेक परीक्षा दिली. मध्येच मुक्त विद्यापीठातून बी.ए. उरकलं. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा पदकांच्या डबीशेजारी स्पॅनिशच्या वरच्या पातळीचं प्रमाणपत्र होतं. पदकं सगळ्या गावानं हातात घेऊन बघितली. प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही.

निवृत्त फौजीनं काय करावं याबद्दल आमच्या भागात दोन मतं नाहीत. त्यानं सिक्युरिटीत जावं. सुभेदारांच्या निवृत्तीला आठ दिवस झाले नसतील, तोवर लोणंदच्या एका मेहुण्याचा, शिरवळच्या दोन भाच्यांचा आणि कुणाच्या तरी साडूचा फोन येऊन गेला. प्रत्येकाच्या ओळखीत एक कारखाना होता, कारखान्याला गेट होतं आणि गेटवर जागा होती. जागा चांगली, पंखा आहे, बसून काम आहे. सुभेदार प्रत्येकाला अदबीनं नको म्हणाले. सव्वीस वर्षं आपण राखण केली, आता कुणीतरी आपल्याला ‘सर’ म्हणावं, आणि ते रँकमुळे नव्हे तर शिकवल्यामुळे म्हणावं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. ती त्यांनी फक्त वैजयंताला सांगितली होती. वैजयंता म्हणाली होती, "मग शिका की. इथं कुणी धरलंय?"

शिरवळला एक नवी शाळा निघाली होती, आठवीपासून स्पॅनिश शिकवणार होती. तिथल्या मुख्याध्यापिकांनी सुभेदारांशी दहा मिनिटं स्पॅनिशमध्ये गप्पा मारल्या, खूश झाल्या, आणि मग मराठीत येऊन म्हणाल्या, की माध्यमिकला शिकवायचं तर बी.एड. लागतं, आणि गुणपत्रिकेवर अध्यापन पद्धती म्हणून स्पॅनिश असं छापलेलं लागतं. दोन वर्षं जागा राखून ठेवते, त्यापुढं नाही. सुभेदार उठता उठता बाई फार आपुलकीनं म्हणाल्या, "तोवर रिकामं राहू नका. आमच्या गेटवर सुपरवायझर हवाच आहे." 

प्रवेश परीक्षा ते पास झाले. त्यात विशेष काही नाही, नेमानं अभ्यास केला की माणूस पास होतो. अडचण आली ती सांगलीच्या कॉलेजच्या खिडकीवर. कॉम्प्युटरवर पद्धतींची यादी होती. मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान. स्पॅनिश नव्हतं. कारकुनानं यादी दोनदा वर-खाली केली, मागं रांग वाढली, आणि त्यानं व्यवहारी मार्ग काढला. परकी भाषा आहे ना, मग जी कुणी घरी बोलत नाही ती टाकू, म्हणून त्यानं संस्कृत टाकलं. नंतर बदलून मिळेल म्हणाला. सरकारी कामात ‘नंतर’ कधी येतं हे फौजेत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं.

पहिल्या दिवशी सुभेदार पांढरा शर्ट, काळी पँट, कडक इस्त्री आणि मिशीला पीळ अशा थाटात वर्गात शिरले. पहिल्या बाकावरची मिरजेची शाझिया मुजावर उठून नम्रपणे म्हणाली, की पालकांनी ऑफिसात बसायचं आहे. आपण पालक नसून रोल नंबर बावन्न आहोत हे सुभेदारांनी सांगितलं तेव्हा वर्गात एवढी शांतता झाली, की त्यांना परेड ग्राउंडची आठवण झाली. पुढं शाझिया त्यांची शेजारीण झाली. त्यांना काका म्हणावं की दादा, यावर तिनं आठवडाभर विचार केला आणि शेवटी ‘बावन्न नंबर’ असंच म्हणू लागली. सुभेदारांना ते मनापासून आवडलं.

संस्कृतच्या तासाला मात्र हाल झाले. सुभेदार दोन महिने मागच्या बाकावर बसून नेमानं टिपणं घेत होते, कारण वरून आलेला हुकूम पाळायचा आणि तक्रार लेखी द्यायची, अशी त्यांची शिस्त. तक्रारअर्ज तीन झाले होते. मग एके दिवशी बाईंनी त्यांना एखादं सुभाषित म्हणायला सांगितलं. सुभेदार उभे राहिले, सावधान झाले आणि आपल्याला संस्कृत अजिबात येत नाही, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. मग इथं काय करताय, असं बाईंनी विचारलं. "खिडकीवरच्या कारकुनानं बसवलंय मॅडम, म्हणून बसलोय," सुभेदार म्हणाले. बाईंनी त्यांना हाताला धरून प्राचार्यांकडे नेलं.

प्राचार्य भला माणूस होता, फक्त नियमांना घाबरायचा. त्यानं नियमावली काढून वाचली. यादीत नसलेली पद्धत घेता येते, पण तीन गोष्टी लागतात. पाठाची टाचणं तपासून सही करणारा मार्गदर्शक, सराव पाठ घ्यायला शाळा, आणि शेवटी परीक्षा घ्यायला ती भाषा जाणणारा बाहेरचा परीक्षक. तिन्ही आणा, मी विद्यापीठाला लिहितो, असं म्हणून त्यानं नियमावली मिटली. सुभेदारांना बरं वाटलं. तीन ठाणी घ्यायची आहेत, असं त्यांनी वैजयंताला फोनवर सांगितलं. तिनं येताना कोथिंबीर आणायला सांगितली.

पहिलं ठाणं लवकर पडलं. इंग्रजी पद्धतीच्या पाटणकर मॅडम मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या, पण त्यांची अट होती, की मला कळलं नाही त्यावर मी सही करत नाही. म्हणजे सुभेदारांनी प्रत्येक टाचण तीनदा लिहायचं. एकदा स्पॅनिशमध्ये, एकदा देवनागरीत उच्चारासाठी, एकदा मराठी अर्थासाठी. मॅडम स्पॅनिशला हात लावत नसत, पण मराठीवर लाल पेन असं चालवत, की वही शेतातून आणल्यासारखी दिसे. सुभेदार मराठी चाळीस वर्षं बोलत होते. आपल्याला ती येत नाही हे त्यांना बी.एड.ला कळलं.

दुसऱ्या ठाण्यासाठी गावचं हायस्कूल होतं. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या वर्षीच्या नववीचा वर्ग शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास देतो, पण तीस पालकांची संमतिपत्रं आणा. इथं लालासाहेबांचा रस एकदम जागा झाला. सह्या गोळा करणं हे त्यांचं क्षेत्र. त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला, की आपला धैर्यशील पोरांना स्पेनची भाषा शिकवणार आहे, ज्यांना पोराचं कल्याण करायचं असेल त्यांनी संध्याकाळी सही करून जावी. संध्याकाळी दोनशे अकरा संमतिपत्रं जमली. त्या वर्गात मुलं चौतीस होती. उरलेल्यांत बालवाडीतली पोरं होती, पुण्यात नोकरीला लागलेला एक इंजिनिअर होता, आणि दोन पत्रं खुद्द लालासाहेबांच्या नावाची होती. हेडमास्तरांनी चौतीस निवडून घेतली. बाकीच्यांच्या घरी राग येऊ नये म्हणून लालासाहेबांनी त्यांना खिडकीतून ऐकायची परवानगी दिली, जी द्यायचा त्यांना काही अधिकार नव्हता.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण आमच्याकडे आनंद झाला की तो फ्लेक्सवर छापल्याशिवाय पचत नाही. वाढदिवसाला फ्लेक्स, पतसंस्थेच्या निवडणुकीला फ्लेक्स, बैल शर्यतीत आला तर बैलाचा फ्लेक्स. लालासाहेब सुभेदारांना न सांगता कराडला यासीनच्या दुकानात गेले. यासीन हा सुभेदारांचा शाळेतला दोस्त, फ्लेक्स छापण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं सुचवलं, की बी.एड.ला प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन असं टाकू. लालासाहेबांना ते फार लेचंपेचं वाटलं. "परवेश तर बालवाडीत बी मिळतो रं," ते म्हणाले. शेवटी यासीनच्या कॉम्प्युटरवर जी तयार चौकट होती ती दोघांनाही पसंत पडली. तिच्यात नुसतं नाव बदललं की काम होत होतं.

तिसऱ्या दिवशी गावच्या फाट्यावर पंधरा फुटांचा फ्लेक्स उभा राहिला. ‘जिल्ह्यातील पहिले स्पॅनिश शिक्षक म्हणून नियुक्ती झाल्याबद्दल सुभेदार धैर्यशील लालासाहेब फडतरे यांचे हार्दिक अभिनंदन.’ मध्यभागी वर्दीतले सुभेदार. खाली शुभेच्छुकांचे शेहेचाळीस फोटो, पहिला लालासाहेबांचा, गॉगल लावलेला. मागच्या बाजूला स्पेनचं काहीतरी हवं म्हणून यासीननं तिथला एक काळाभोर, शिंगं रोखलेला बैल टाकला होता.

या बैलानं घात केला. आमच्या भागात फ्लेक्सवर बैल दिसला की माणूस अक्षरं वाचत नाही. संध्याकाळपर्यंत सुभेदारांना सतरा फोन आले. कुठल्या मैदानात पळाला, जोडीला कोण होता, दात किती झाले. विट्याच्या एका शौकिनानं न बघताच सौदा करायची तयारी दाखवली आणि बैल विकायचा नाही म्हटल्यावर, तसा तो नाहीच म्हटल्यावर, तुम्ही मोठी माणसं आहात, लपवणारच, असं म्हणून रागानं फोन ठेवला. धुळा नावाचा एक मेंढपाळ तर पेंडीचं पोतं घेऊन बैलाच्या पाया पडायला आला. वैजयंतानं त्याला चहा दिला आणि बैल शिरवळला गेलाय म्हणून सांगितलं.

हसून सोडून देता आलं असतं. पण कुणीतरी फ्लेक्सचा फोटो काढला, तो मोबाइलवरच्या गटागटांतून फिरत सांगलीला पोचला आणि आठव्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं. ‘आपण नियमित विद्यार्थी असताना अन्यत्र शिक्षकपदी रुजू झाल्याचे निदर्शनास आले आहे. आपला प्रवेश रद्द का करू नये, याचा सात दिवसांत पुराव्यासह खुलासा करावा.’ त्याच दुपारी शिरवळच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. आम्ही तुमची नेमणूक केली असं तुम्हाला कुणी सांगितलं, संचालक विचारतायत, जागेचा मला पुन्हा विचार करावा लागेल. सुभेदारांनी दोन्हीकडे माफी मागितली. चूक आपली नव्हती हे त्यांनी कुठंच सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर वडिलांचं नाव घ्यावं लागलं असतं.

पुरावा आणायचा म्हणजे नियुक्ती झाली नाही याचा दाखला आणायचा. ग्रामसेवक म्हणाला, झालेल्या गोष्टीचे नमुने आमच्याकडे आहेत, न झालेल्याचे नाहीत. रहिवासाचा देतो, हयातीचा देतो. सुभेदार म्हणाले, हयात आहे याबद्दल कॉलेजला शंका नाही. ग्रामसेवकानं तहसीलला पाठवलं. तहसीलनं सांगितलं, हे शिक्षणाचं प्रकरण आहे. शिक्षण खात्यानं सांगितलं, तुम्ही शिक्षक नसाल तर आमच्याकडे तुमची नोंदच नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला पत्र कसं देणार. शेवटी एका वकिलानं तोडगा काढला, की स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करा.

त्या दिवशी लालासाहेब हट्टानं बरोबर आले होते. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं कागद टाइप केला आणि पद्धतीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवला. ‘मी, धैर्यशील लालासाहेब फडतरे, वय शेहेचाळीस, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी शिक्षक नाही. मी यापूर्वी कधीही शिक्षक नव्हतो. मला शिक्षक म्हणून कोणीही ओळखत नाही.’ सुभेदारांनी सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली. लालासाहेब ती सही बघत उभे होते.

दोघं गाडीनं परत निघाले. फाटा आला तसे लालासाहेब म्हणाले, थांबव. उतरून त्यांनी स्वतः फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, पंधरा फुटांचं ते कापड एकट्यानं गुंडाळलं, आणि धापा टाकत म्हणाले, "तू फौजेत गेलास तवा बोर्ड लावायची ऐपत न्हवती. सुभेदार झालास तवा मी दवाखान्यात हुतो. म्हटलं, आता तरी लावावा." सुभेदारांना वडिलांवर रागवायचं होतं, सहा दिवस त्याची तयारी चालली होती. ते सगळं त्यांनी गिळलं आणि गुंडाळी खांद्यावर घेतली.

प्रवेश वाचला. शिरवळची जागाही वाचली, पण मुख्याध्यापिका आता नुसत्या ‘बघू’ म्हणत होत्या. दुसरं वर्ष लागलं आणि सराव पाठ सुरू झाले. नववीची चौतीस मुलं, खिडक्यांत पालक, व्हरांड्यात पायरीवर लालासाहेब. सुभेदारांची शिकवण्याची रीत सरळ होती. जे शिकवायचं ते करून दाखवायचं. उठा, बसा, इकडे या, हे घ्या, पाणी द्या. पाटणकर मॅडम आठवड्याला एकदा यायच्या आणि मागं बसून लिहायच्या. शाबासकी देताना आवाज खाली ठेवा, मुलं दचकतात, असं त्यांनी चार वेळा लिहिलं. सुभेदारांनी आवाज खाली आणला, आणि गंमत अशी झाली की मुलं जास्त दचकू लागली. पण गावात दूध घालायला आलेली पोरं डेअरीवर नमस्काराऐवजी ‘बुएनोस दियास’ म्हणू लागली, डेअरीवाल्यानंही ते उचललं, आणि सुभेदार रोज वाटेनं जाताना हे ऐकून आपल्याशीच हसायचे.

तिसरं ठाणं मात्र पडेना. विद्यापीठाकडे स्पॅनिशचा परीक्षक नव्हता. मार्च उजाडला आणि पत्र आलं, की परीक्षक न मिळाल्यास सदर विद्यार्थ्याचा अंतिम पाठ हिंदी पद्धतीत घ्यावा. म्हणजे गुणपत्रिकेवर हिंदी छापून येणार आणि शिरवळचं दार बंद. सुभेदार त्या दिवशी जेवले नाहीत. शाझियाला हे कळलं तशी ती इंटरनेटवर बसली आणि तिनं पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका शोधून काढल्या, सहस्रबुद्धे मॅडम, चाळीस वर्षं स्पॅनिश शिकवलेल्या. त्या यायला तयार झाल्या. पाटणकर मॅडमनी विद्यापीठाला चार पत्रं लिहिली, पाचवं स्वतः घेऊन गेल्या, आणि पाठाच्या तीन दिवस आधी मंजुरी आली.

सुभेदारांनी या तीन दिवसांत जी चूक केली ती फौजी माणूसच करू शकतो. त्यांनी तालीम घेतली. पाठाचा विषय ‘माझं कुटुंब’. दहा चित्रं, दहा प्रश्न, दहा मुलं, दहा उत्तरं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. शेवटच्या दिवशी तर मुलं प्रश्न यायच्या आधीच उत्तर देत होती. सुभेदारांना वाटलं, पलटण तयार आहे.

परीक्षा सकाळी दहाला होती. खंबाटकी घाटात गाडी अडकून सहस्रबुद्धे मॅडम दीड वाजता पोचल्या. नऊपासून ताठ बसलेली मुलं तोवर कोमेजली होती. पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या बाई घामाघूम होऊन आल्या, पाणी प्यायल्या आणि करा सुरू म्हणाल्या. सुभेदारांनी पहिलं चित्र दाखवलं, हे कोण. माझी आई. दुसरं दाखवलं, माझे वडील. बरोबर. आणि मग घाम फुटलेल्या बोटांनी दोन चित्रं एकदम उचलली गेली. तिसरं राहिलं, चौथं पुढं आलं. चौथ्यावर मिशीवाले आजोबा होते. साईराज ताडकन उठला आणि पाठ केल्याप्रमाणे म्हणाला, ही माझी लहान बहीण आहे. पुढच्या चित्रात म्हैस होती. ऋषिराजनं ती आपले आजोबा म्हणून सांगितली. आता थांबवावं कसं हे सुभेदारांना कळेना, कारण रांगेत प्रत्येकजण आपापल्या पाळीला उठत होता आणि शिस्त त्यांनीच लावली होती. बहिणीला मिशी आली, आजोबांना शिंगं, आजीला शेपूट, आणि शेवटच्या मुलानं रिकाम्या फळ्याकडे बघून आमचं मांजर फार दूध पितं असं सांगितलं. खिडकीतल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

सहस्रबुद्धे मॅडमनी पेन खाली ठेवलं. "फडतरे," त्या मराठीत म्हणाल्या, "ही मुलं बोलत नाहीयेत. पाठ म्हणतायत." ते खरं होतं. पाटणकर मॅडमनी मान खाली घातली. दोन वर्षं सांगलीच्या एसटीत काढली, कोर्टात जाऊन शिक्षक नाही असं लिहून दिलं, ते सगळं या पाऊण तासासाठी होतं आणि पाऊण तास संपत आला होता.

बाई उठल्या आणि बाकांमधून मागं चालत गेल्या. शेवटच्या बाकावर राजनंदिनी बसली होती. ती सावकाश बोलायची, म्हणून सुभेदारांनी तिला दहांत घेतलं नव्हतं. बाई तिला स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, तू मला काहीतरी विचार, तुला हवं ते.  राजनंदिनी उभी राहिली. तिनं बाईंचा घामेजलेला चेहरा बघितला, पदराला पुसलेला हात बघितला, घड्याळात दोन वाजून गेले होते तेही बघितलं. बराच वेळ ती आतल्या आत शब्द लावत होती. मग सावकाश म्हणाली, "प्रोफेसोरा, या आ कोमिदो?"

बाईंनी सुभेदारांकडे वळून विचारलं, हे कितव्या पाठातलं. सुभेदार म्हणाले, कुठल्याच नाही. जेवण एका पाठात होतं, घडून गेलेल्या गोष्टी भलत्याच पाठात होत्या, पण दारात आलेल्या पाहुण्याला जेवलात का विचारायचं, हे त्यांच्या एकाही टाचणात नव्हतं. बाई राजनंदिनीकडे वळल्या आणि खरं तेच बोलल्या, "नो."

हिंगणीवाडीत या शब्दानंतर गप्प बसायची पद्धत नाही. चौतीस मुलं एकदम उठली. इथं बसा, हे घ्या, पाणी द्या, असं सगळं वर्गभर स्पॅनिशमध्ये सुरू झालं. डबे उघडले गेले. भाकरीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा साईराजनं ती गोल, गरम नसलेली, आईनं केलेली वस्तू आहे असं हातवारे करून सांगितलं. ठेचा तिखट आहे हे सांगायला तिघं धावले. बाई एकेकाला प्रश्न विचारत होत्या, आई शेतात जाते का, म्हैस कुणाची, आणि मुलं अडखळत, शब्द शोधत, एकमेकांना मदत करत उत्तरं देत होती. आता म्हैस म्हैसच होती आणि आजोबा आजोबाच. सुभेदार फळ्यापाशी हाताची घडी घालून उभे होते. इतका अभिमान त्यांना पदक लावतानाही वाटला नव्हता.

हात धुऊन आल्यावर बाईंनी गुणपत्रक भरलं. पद्धतीच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘स्पॅनिश’ लिहिलं, शंभरपैकी ब्याऐंशी गुण दिले, आणि उरलेले अठरा तालमीचे कापले असं तोंडी सांगितलं. पाटणकर मॅडमनी तिथूनच शिरवळला फोन लावला. बोलणं झाल्यावर त्या सुभेदारांना म्हणाल्या, जूनच्या पंधरा तारखेला रुजू व्हायचं आहे, आणि मुलांना दचकवू नका.

सगळे गेले. सुभेदार चित्रं गोळा करून बाहेर आले तेव्हा लालासाहेब पायरीवर बसले होते. त्यांना स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं, पण आत आधी काय बिघडलं आणि मग काय जमलं हे त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं.

"पोरीनं काय इचारलं रं बाईंना?" त्यांनी विचारलं.

"जेवलाय का म्हणून."

"मग चांगलं शिकिवलंस की."

"म्या न्हाई शिकिवलं आप्पा," सुभेदार म्हणाले. "शब्द माजं हुतं. बोलली ती तिचं ती."

 लालासाहेब गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला सर. घरी वैजयंता थांबली आसंल. तुमी बी सकाळपास्नं जेवला न्हाईसा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मुलाला ‘तुमी’ म्हटलं होतं. फडतरे सरांनी चित्रांची गुंडाळी काखेत मारली आणि ते वडिलांच्या मागोमाग घराकडे निघाले.